दुसऱ्या खाचेतलं कार्ड

जेद्द्यात, शराफियाच्या बाजारात, जाफर मुकादमाकडून कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं म्हणजे मुलगी मागायला गेल्यासारखं होतं. गिऱ्हाइकानं काचेच्या कपाटाकडे बोट दाखवावं आणि जाफरनं किल्लीला हातसुद्धा लावू नये. आधी तीन प्रश्न. फोटो कोणाचे काढणार? कुठे काढणार? आणि पिशवी कोण वाहणार? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. जाफर हसत नसे. सामान घ्यायचं नवऱ्यानं आणि खांदा मोडायचा बायकोचा, असं दिसलं की जड ट्रायपॉड तो मुकाट्यानं कपाटात परत ठेवायचा आणि हलका काढायचा.

माणूस दाभोळच्या खाडीकाठचा. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर घरी बोलवायला यायचे म्हणून. सव्विसाव्या वर्षी जेद्द्याला उतरला तेव्हा त्याच्या व्हिसावर नुसतं 'कामगार' लिहिलेलं होतं. कसला कामगार ते उतरल्यावर कळायचं. अबू इमाद नावाच्या कफिलानं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या धन्यानं, त्याला कॅमेऱ्याच्या दुकानात फडकं मारायला ठेवलं, आणि फडकं मारता मारता जाफरनं एकेका वस्तूचं नाव, काम आणि दुखणं पाठ केलं. एकतीस वर्षं गेली. रोल गेले, कार्डं आली. आरसेवाले कॅमेरे मागे पडले आणि आता हे बिनआरशाचे आले, त्यांना मिररलेस म्हणतात. जाफरची दाढी तेवढी पांढरी झाली, बाकी तो तिथेच, त्याच काउंटरमागे.

त्याचा एक हट्ट मात्र सगळ्या शराफियाला माहीत होता. कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा असल्या तर दोन्हीत कार्ड घातल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला पायरी उतरू देत नसे. एक कार्ड लिहील, दुसरं त्याची नक्कल करील. "चुलीत विस्तव राखून ठेवतात ना, तसं," असं तो म्हणायचा. अरबी माणसाला चूल काय आणि विस्तव काय, पण हट्ट कळायचा.

हा हट्ट कुठून आला ते फक्त त्याच्या बायकोला, ताजुन्निसाला ठाऊक होतं. त्यांचा निकाह झाला तेव्हा दापोलीहून एक फोटोवाला बोलावला होता. छत्तीस फोटो काढलेन, जेवलान, बिदागी घेतलान आणि गेलान. आठ दिवसांनी कळवलं की रोलमध्ये उजेड शिरला. छत्तीसच्या छत्तीस पांढरेफटक. त्यामुळे नवरी झालेल्या ताजुन्निसाचा जगात एकही फोटो नाही. दर भांडणात ती हे काढायची. "जगाच्या नवऱ्यांना कॅमेरे विकतो माझा घो, नि माझा तोंड कुठं हाय?"

तर अशा माणसाला एका सकाळी अबू इमादनं दुकानात येऊन, कॉफीचा पेला खाली न ठेवताच सांगितलं, की रबी-उल-अव्वलच्या पहिल्या तारखेपासून असल्या दुकानांत विकायला देशातलीच माणसं उभी राहायला हवीत. परदेशी माणसानं काउंटरमागे उभं राहायचं नाही. सापडला तर दंड दुकानाला आणि खुरूज माणसाला. खुरूज म्हणजे कायमचं घरी.

जाफरच्या हातात तेव्हा लेन्स पुसायचं पिवळं फडकं होतं. ते तसंच हवेत राहिलं. मोबाइलच्या दुकानांचं असं झालेलं त्यानं दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. गल्लीच्या गल्ली रिकामी झाली होती. पण शेजारच्या घराला आग लागते ती शेजारच्याच घराला, असं माणसाला वाटतं. एकतीस वर्षं जिथे तळपाय झिजवले ती पाच वाव जागा आता आपल्याला मना आहे, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"अबू इमाद," तो म्हणाला, "बायकोचा कागद घातलाय मी."

इथेच सगळं अडलं होतं. इतक्या वर्षांत ताजुन्निसानं मक्का बघितली नव्हती. इथून तासाभराच्या रस्त्यावर नवरा राहतो आणि बायको गावात बसून नमाजाला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे, तोंड करते, याला काय म्हणावं! पूर्वी त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, लिहिलेल्या धंद्याला बायको बोलवायची सोय नव्हती. सोय झाली तेव्हा सासू अंथरुणाला खिळली. सासू गेली. आता कुठे भेटीच्या व्हिसाचा कागद आत गेला होता. हिवाळ्यात ती येणार, उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा करणार. पण कागद उभा होता जाफरच्या इकाम्यावर. इकामा गेला की कागद आडवा.

अबू इमाद वाईट माणूस नव्हता. त्यानं पेला एकदाचा खाली ठेवला. "दोन पोरं ठेवून बघितली, तू पाहिलंसच. एक चार दिवस टिकला. दुसरा दुपारी जेवायला गेला तो अजून जेवतोच आहे. आता एक मुलगी येतेय. तिला तयार कर. ती टिकली तर दुकान टिकेल, आणि मी तुला आतल्या गोदामावर घेईन, कागद बदलून. ती गेली तर मी शटर ओढणार आहे, जाफर. मग मी तरी तुला कशावर ठेवू?"

मुलगी! जाफरला दुसरा धक्का बसला तो हा. त्या दुकानात काउंटरमागे बाई कधी उभीच राहिली नव्हती.

ती आली. रीम तिचं नाव, वय चोवीस. काळा अबाया, त्याखालून पांढरे पळायचे बूट, आणि गळ्यात स्वतःचा मिररलेस. आल्या आल्या, काका म्हणतात तसं अम्मो म्हणत, ती बोलली, "अम्मो जाफर, तुमच्याबद्दल ऐकलंय. तुम्ही लोकांना वस्तू विकत नाही म्हणे."

"विकतो," जाफर जमिनीकडे बघत म्हणाला. "लागणाऱ्या विकतो."

पहिले आठ दिवस तो तिच्याशी कपाटाकडे तोंड करून बोलला. तिला हसू यायचं. नवव्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाला 'वीस वस्तूंचा किट' विकायला काढला, ती प्लास्टिकची पेटी, आत रंगीत काचा, बुटका ट्रायपॉड आणि कसली कसली फडकी. तेव्हा जाफरला राहवलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं पेटी काउंटरवर उपडी केली.

"यातलं काय लागेल, सांग."

रीमनं बघितलं. "ही पिशवी?"

"ही पहिल्या पावसात... बरं, तुमच्याकडे पाऊस नाही. पहिल्या उन्हात फाटेल. ऐक, बिन्ती." बिन्ती म्हणजे पोरी, पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आलं. "स्वयंपाकघरात भांडी शंभर असतात, रोज लागतात सात. मिररलेस घेणाऱ्याला आधी दोन जादा बॅटऱ्या दे. याचा पडदा सारखा जळत असतो, बॅटरी खातो, आणि नवख्याला वाटतं कॅमेरा बिघडला. मग हा रबरी फुगा दे, वारा मारायला. आत आरसा नाही, म्हणजे लेन्स काढली की आतला डोळा उघडाच. इथली धूळ म्हणजे पीठ. पट्टा रुंद दे. बारीक पट्टा मानेला कापतो. आणि ही दाणेवाली पुडी, दमटपणा ओढणारी. पण ते सांगितल्याशिवाय देऊ नकोस. एसीच्या गाडीतून बाहेर आलं की पिशवी पाव तास उघडायची नाही म्हणावं, नाहीतर काचेला घाम फुटतो. गिऱ्हाईक तो घाम बोटानं पुसतं आणि शिव्या आपल्याला."

"आणि फिल्टर?"

"समुद्रावर जाणार असेल तर एक. घरात मुलं काढणार असेल तर शून्य. म्हणून तर विचारायचं, कोणाचे, कुठे, कोण वाहणार."

"आणि दोन कार्डं," रीम म्हणाली.

"ते तर आधी."

पोरगी हुशार निघाली. महिन्याभरात ती गिऱ्हाइकाला असे प्रश्न विचारू लागली की जाफर आत उभा राहून दाढीत हसायचा. तिला बापानं मोठ्या कुरबुरीनं पाठवलं होतं. एक वेडावाकडा शब्द कानावर आला तर त्याच दिवशी घरी बसवीन, असं बजावून. हे तिनंच सांगितलं. त्या दिवसापासून दुकानात कोणी आवाज चढवला की जाफरचा जीव वर यायचा. तिचं टिकणं म्हणजे ताजुन्निसाची मक्का, असा हिशेब होऊन बसला होता.

पहिल्या तारखेला तीन आठवडे उरले असतील. सादिया दुकानात आली. सादिया म्हणजे श्रीवर्धनच्या एका मास्तरांची नात, जन्म जेद्द्याचा, शाळा इथलीच. मराठी बोलायची, पण मधूनच हिंदी-इंग्रजीत घसरायची. लग्नाच्या हॉलात बायकांच्या बाजूला फोटो काढायचं काम तिला मिळालं होतं. तिथे पुरुषाची सावली चालत नाही, म्हणून फोटोवालीही बाईच लागते. नवा कॅमेरा घेतला होता. सोबत काय काय घ्यावं ते विचारायला ती 'चाचांकडे' आली.

"मला नको विचारू," जाफर म्हणाला. "तिला विचार. मी आता आतला."

रीमनं तिन्ही प्रश्न विचारले. फोटो नवरीचे. हॉलात. पिशवी तीच वाहणार. मग बॅटऱ्या, फुगा, रुंद पट्टा, फ्लॅशवर घालायची पांढरी टोपी म्हणजे नवरीच्या कपाळावर उजेड चमकायचा नाही, आणि पोटाशी राहणारी छोटी पिशवी. जाफर खोक्यांच्या मागून ऐकत होता. एकही वस्तू कमी नाही, एकही जास्त नाही. त्याला इतका अभिमान वाटला की तोंड मिटून राहवेना.

"दुसऱ्या खाचेत कार्ड घाल," तो आतून ओरडला, "आणि बॅकअपवर लाव!"

रीमनं घातलं. लावलं. सादिया तेवढ्यात फोनवर बोलत होती. तिनं बघितलं आणि समजली की एक भरलं तर असावं म्हणून जादाचं दिलंय. कोणी समजावलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुढच्या आठवड्यात शनिवारी सादिया परत आली. फोटोत एक काळा ठिपका येतोय, आतला डोळा साफ करून हवा होता. साफसफाई जाफरच्या हातची; ती विक्रीत मोडत नव्हती. त्यानं आतल्या टेबलावर कॅमेरा घेतला, फुग्यानं वारा मारला, आणि ठिपका गेला का बघायला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला. बघायचं बटण दाबलं. भिंत स्वच्छ दिसली. जवळून बघावं म्हणून त्यानं अंगठ्यानं चाक फिरवलं. ते फिरलं उलटं.

भिंतीच्या मागे नवरी होती.

मोकळे केस, उघडे खांदे... जाफरनं त्याच्या पुढचं बघितलं नाही. कॅमेरा पालथा टेबलावर गेला, त्यावर पिवळं फडकं गेलं, फडक्यावर त्याचे दोन्ही हात गेले. आपल्या आया-बहिणींशिवाय, आपल्या बायकोशिवाय त्यानं असं कोणाला बघितलं नव्हतं, आणि ती तर कोणाची तरी पडद्यातली मुलगी, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात झाकल्या दिवशी.

"चाचा?" सादिया दारात आली. "क्या हुआ?"

"आत कार्ड आहे?"

"ते जादाचं तेवढं, रिकामं. फोटोंचं कार्ड तर दिलं." आणि तिनं सहज सांगितलं ते ऐकून जाफर खोक्यावर बसलाच. हॉलाच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतात. आणि लग्न संपलं की फोटोवालीनं सगळ्यांसमोर कॅमेऱ्यातलं कार्ड काढून नवरीच्या आईच्या हातावर ठेवायचं, आणि अल्लाची शपथ घ्यायची की माझ्याकडे काही उरलं नाही. रीत आहे ती. त्या भरवशावर बायका तिथे डोक्यावरचं काढतात. "मीही घेतली शपथ," सादिया म्हणाली. "पहिली खाच रिकामी करून दाखवली ना मी."

पुरुषांच्या बाजूला ही रीत नाही. जाफरनं एकतीस वर्षं कॅमेरे विकले पुरुषांना. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं, असं कोणीही म्हटलं असतं. पण त्याच्या मनात एकच: तीन प्रश्न विचारणारा मी शहाणा, चौथा विचारला नाही.

दुसऱ्या खाचेत सगळ्याची नक्कल उरली आहे, हे सादियाला कळलं तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "आय ॲम फिनिश्ड, चाचा. मी खोटी शपथ घेतली."

रीम काउंटर सोडून आत आली. ऐकलं आणि क्षणात म्हणाली, "फॉर्मॅट करते. दोन बटणं. खलास."

जाफरचे हात फडक्यावरून हलले नाहीत. "गेल्या महिन्यात त्या बांगलादेशी हाजीचं पुसलेलं कार्ड आपण परत भरून दिलं. विसरलीस? पुसलेलं जात नाही, बिन्ती. तू जाणतेस, मी जाणतो. हे नवरीच्या आईच्या हातात पडायला हवं."

"मग देऊ नेऊन. चुकून राहिलं म्हणू. कोणी बघितलं नाही म्हणू."

"मी बघितलं."

"तुम्ही काही बघितलं नाही, अम्मो."

"एक बघितला. तेही सांगायचं."

दोघी पोरी त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जसं म्हाताऱ्यानं भर दुकानात टोपी काढून नाचायला घेतलं. रीम खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे का काय होईल? लोक मोठे आहेत. माझ्या बापाला कळलं तर मी उद्या इथे नसेन."

ठाऊक नव्हतं होय! जाफरच्या डोळ्यांपुढे ताजुन्निसाचा कागद पालथा पडलेला दिसत होता. पण कार्ड परत द्यायचं आणि बघितलेलं खिशात ठेवायचं, हे त्याच्या पोटात राहिलं नसतं. माणसाला जे पचत नाही ते त्यानं खाऊ नये, बाहेर येतंच.

"चूक माझी," तो म्हणाला. "माझं नाव सांगायचं. मी येतो. बाहेर बसेन."

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर तिघं निघाली, आणि इथे जाफरला आणखी एक धक्का खायचा होता. रीमनं अबायाच्या खिशातून किल्ली काढली आणि स्वतः चाकामागे बसली. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळून चार महिने झाले होते. तिच्या हाताला चार महिन्यांचीच सवय होती. जाफर मागच्या सीटवर, मांडीवर पिवळ्या फडक्यात बांधलेलं कार्ड, आणि ओठांवर येतील तेवढे सगळे कलमे. एका वळणावर रीमनं समुद्राकाठच्या कॉर्निशकडे जाणाऱ्या ट्रकला असं काही कापलं की त्यानं डोळे मिटले.

"अम्मो, भीती वाटते?"

"मला आज कशाची वाटायची ते ठरवू दे आधी."

घर शहराच्या उत्तरेला, उंच भिंतीचं. पोरी आत गेल्या. जाफर गाडीत. पाऊण तास त्यानं त्या भिंतीकडे बघितलं. पांढरी, स्वच्छ, एक ठिपका नाही. भिंतीकडे बघायचीही त्याला आता चोरी वाटत होती.

पोरी परत आल्या. सादिया रडून थकलेली. गाडी वळली तेव्हा रीमनं सांगितलं. नवरीच्या आईला आधी उमगलंच नाही. उमगलं तशी ती उठली, आतून वेलची कुटायचा पितळी खलबत्ता घेऊन आली, कार्ड त्यात टाकलं आणि कुटलं. चांगलं पीठ होईतो. सादियाला म्हणाली, तू आणून दिलंस, तुझी शपथ आता खरी झाली, जा. मग रीमनं उरलेलं सांगितलं, की दुकानातल्या एका म्हाताऱ्या हिंदी माणसाच्या नजरेला एक फोटो पडला.

"मग?"

"मग तिनं विचारलं, तू कोणाची मुलगी? आणि माझ्या बापाचा नंबर घेतला."

संपलं. जाफरनं फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

संध्याकाळी त्यानं गावी फोन लावला. ताजुन्निसानं पहिल्या 'हॅलो'लाच ओळखलं. "काय झाला? आवाज असा का?"

त्यानं सगळं सांगितलं. पलीकडे तिनं दाराला कडी घातली. मग ती म्हणाली, "म्हणजे सोताच्या नवरीचा एक फोटो नाय, नि परक्याची नवरी बघून आलाव!"

"ताजू, मस्करी नको. तुझा व्हिसा जाईल."

"जाऊदे गेला तर. इतकी वर्सा इथून तोंड करतंय, अल्लाला काय माझा पत्ता ठाऊक नाय?" मग म्हणाली, "तुमी सांगितलाव ता बरा केलाव. नसता सांगितला तर मी तिथं येऊन कुठल्या तोंडानं फिरली असती काब्याभोवती?"

फोन ठेवल्यावर मात्र ती रडली असणार. हे जाफरला न बघताच कळलं.

दुसऱ्या दिवशी रीम दहाला आली नाही. साडेदहाला नाही. अबू इमाद आला, त्याला जाफरनं सगळं सांगितलं, तो डोक्याला हात लावून बसला. जाफरनं आपला खण उघडला. त्यात होतं काय? पिवळी फडकी, रबरी फुगा, चष्म्याची जुनी काच, आणि एक खलास झालेला रोल, कधीचा कोण जाणे. एकतीस वर्षं एका प्लास्टिकच्या पिशवीत मावली, याचंच त्याला नवल वाटलं.

अकरा वाजून गेले आणि दारात रीम उभी राहिली. तिच्यामागे एक उंच माणूस, पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात जपाची तस्बी. बाप. जाफर उठला. त्यानं बाप आला म्हणजे पोरीचं सामान न्यायलाच, असं धरलं.

"बघितलं म्हणून सांगा म्हणणारा तो तू?" बापानं विचारलं.

"होय."

"माझी मुलगी म्हणते, न सांगता चाललं असतं. कोणाला कळणार नव्हतं. मग का?"

जाफरला बाजारातली अरबी येत होती, मनातली नव्हती. जुळवून जुळवून तो म्हणाला, "कार्ड परत देता आलं. डोळ्यातलं परत देता येत नाही. निदान ज्याचं आहे त्याला कळावं तरी."

बाप तस्बीचा एक मणी सरकवून थांबला. "त्या नवरीची आई विचारते आहे, कुठला फोटो होता? काय दिसत होतं त्यात?"

अबू इमाद डोळ्यांनी खुणावत होता, सांगून टाक बाबा, सुटका कर. जाफरनं मान हलवली.

"ते मी बोललो तर दुसऱ्यांदा बघितल्यासारखं होईल. आईला म्हणावं, माफ करा. मी विसरण्याच्या कामाला लागलो आहे. म्हातारा आहे, लवकर जमेल."

बापानं तस्बी खिशात टाकली. मग तो वळला तो अबू इमादकडे, आणि जाफर तिथे उभाच नाही अशा आवाजात म्हणाला, "रीम इथे काम करील. हा माणूस आत असेल तोवर. हा गेला त्या दिवशी मी तिला घेऊन जाईन."

आणि निघून गेला. चहाला थांबला नाही, सलामाला तेवढा थांबला.

अबू इमाद दाढी खाजवत बसला. काल हा तिच्यावर टिकून होता, आज तीच याच्यावर टिकून. असला उलटा ताळा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. जाफर तर पिशवी हातात धरून तसाच उभा. "अम्मो," रीमनं हळूच विचारलं, "ते सामान परत खणात ठेवू का मी?"

पहिली तारीख आली. काउंटरच्या मागे जमिनीवर अबू इमादनं पिवळी पट्टी चिकटवली; तिच्या पलीकडे जाफरनं यायचं नाही. दुपारी तपासणीवाले आले, कागद बघितले, पट्टी बघितली, गेले. जाफर आत खोकी लावत होता. एवढ्यात एक बाई आल्या, लग्नाचे फोटो काढायला काय काय घ्यावं म्हणत. त्यानं कान दिला. रीमनं विचारलं, कोणाचे, कुठे, कोण वाहणार. आणि मग ती थांबली, आणि तिनं चौथं विचारलं.

"कार्ड शेवटी कोणाच्या हातात जाणार?"

बाई म्हणाल्या, नवरीच्या आईच्या.

"मग दोन कार्डं घाला, आणि देताना दोन्ही द्या. दोन्ही खाचा उघड्या करून दाखवा. पाकीटही दोन कप्प्यांचं देते."

खोक्याआड जाफर हातातलं खोकं खाली ठेवायचं विसरला. एकतीस वर्षांचा त्याचा पाठ त्या पोरीनं एका वाक्यानं पुरा केला होता. त्याला सुचलं नव्हतं. त्यानं तर ठरवलं होतं की आता कोणाला दुसरं कार्ड घालाच म्हणून सांगायचं नाही.

ताजुन्निसा आली ती रजब महिन्यात, हिवाळा सरता सरता. हिरवी ट्रंक, नाचणीचं पीठ, सुके बोंबील. कस्टमवाल्यानं बोंबील हुंगून तोंड फिरवलं आणि तिला लवकर सोडलं. उमरा झाला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला तुमचा तो काउंटर दाखवा.

रीमनं तिला आपल्या स्टुलावर बसवलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण दोघींचं अर्ध्या तासात असं काही जमलं की जाफरला पट्टीपलीकडून ऐकताना आपलीच निंदा चालल्यासारखं वाटलं. मग रीमनं आपला कॅमेरा काढला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोटो काढू का, असं खुणेनं विचारलं. ताजुन्निसानं पदर कपाळावर सारखा केला. लाजली, बावन्न वर्षांची बाई.

"तुमी काढा की," ती नवऱ्याला म्हणाली.

"मला पट्टी ओलांडायची परवानगी नाही."

"सोताच्या बायकोचा फोटो काढायला?"

"कायदा आहे."

"तुमचा नशीबच तसा," ती म्हणाली. रीमनं कॅमेरा डोळ्याला लावला. एवढ्यात ताजुन्निसानं हात वर करून तिला थांबवलं. स्टुलावरून वाकली, कॅमेऱ्याच्या बाजूच्या झाकणावर बोट आपटलं, आणि मराठीतच, मोठ्यानं विचारलं:

"अगं पोरी, दुसऱ्या खाचेत कार्ड घातलायस ना?"